जुन्या तंतूच्या आधाराने

पालीच्या बल्लाळेश्वराचे दर्शन घेऊन मंडळी देवळाबाहेर पडली की मागे उभा असलेला सरसगडाचा कातळ त्यांतील तरुणांना खुणावू लागतो. त्याच्या आकारावरून लोक त्याला पगडीचा किल्ला असेही म्हणतात. खडकात खोदलेल्या त्याच्या सुमारे शंभर पायऱ्या अशा उंच आहेत की एकेक चढताना गुडघा छातीशी यावा. चढताना धाप लागते खरी, पण शिक्षा भोगावी लागते ती उतरल्यानंतर. उतरताना मांडीच्या पुढल्या स्नायूंना शरीराचा भार तोलीत तोलीत लांबावे लागते, आणि असे भार घेऊन लांबणे स्नायूंना आखडण्यापेक्षा फार अधिक जाचते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरचा जिना उतरताना माणूस कठडा धरतो तो ह्याचमुळे. त्या दिवसांत मांडीच्या आत दुरुस्ती चाललेली असते. तंतूंना झालेली बारीकसारीक इजा बुजविली जाते. आणि इजा मोठी असेल, स्नायू चिरडला गेला असेल, तर मेलेल्या तंतूंच्या जागी नवे तंतू घडविले जातात. विशेष हे की नवा तंतू आडवातिडवा पडत नाही. जुना ज्या दिशेने गेला होता त्याच दिशेने, शेजाऱ्याला समांतर राहून, दोन्ही टोकांना हाडाकडे ओढ घेत तो उभा राहतो.

ही दिशा त्याला कोण दाखवितो? हा प्रश्न नीट विचारता येण्यासाठीच शास्त्रज्ञांना सव्वाशे वर्षे खर्चावी लागली, आणि त्याच्या उत्तराचे एक महत्त्वाचे पान लिहिले गेले ते मुंबईत, कुलाब्याच्या समुद्रकाठी. पाली ज्या जिल्ह्यात आहे त्यालाही १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा हेच नाव होते. अलिबागच्या जलदुर्गावरून ते पडले होते. योगायोग केवळ नावाचा आहे, परंतु लक्षात ठेवण्यास सोयीचा आहे.

स्नायू म्हणजे एक जाड दोरखंड अशी कल्पना केली तर फारसे चुकणार नाही. काथ्याचा दोर उलगडला की त्यातून पेड निघतात, पेडांतून सुंभ, सुंभातून धागे. स्नायू उलगडला की शेवटी जो धागा हाती लागतो तो स्नायुतंतू. तो केसाहून बारीक असतो, पण लांबीला काही इंचही भरू शकतो. आता शरीर पेशींचे बनलेले आहे आणि सामान्यतः एका पेशीत एकच केंद्रक असते, हे शाळेतील मुलालाही ठाऊक असते. स्नायुतंतू हा नियम उघडपणे मोडतो. एकाच आवरणाच्या आत त्यात शेकडो, प्रसंगी हजारो केंद्रके एका कडेने बसलेली दिसतात. एका घरात एक कर्ता पुरुष असावा, तेथे हजार कर्ते एकाच छपराखाली नांदत आहेत असा हा प्रकार. हे एवढे कर्ते आले कोठून?

पहिले उत्तर दिले थिओडोर श्वान ह्या जर्मन विद्वानाने. सर्व प्राण्यांची शरीरे पेशींची बनलेली आहेत हा सिद्धांत ज्या ग्रंथात त्याने मांडला, त्याच १८३९ च्या ग्रंथात स्नायूंचाही विचार आहे. त्याच्या मते गर्भावस्थेत लहान लहान पेशी एका ओळीत लागतात, त्यांच्यामधील भिंती विरून जातात आणि पुष्कळ पेशींचा मिळून एक तंतू होतो. रॉबर्ट रेमाक हाही बर्लिनमध्येच काम करणारा, आणि निरीक्षणाच्या बाबतीत श्वानपेक्षा रतीभरही कमी नसलेला. त्याने १८४० नंतरच्या दशकात ह्याच्या नेमके उलट सांगितले. त्याचे म्हणणे असे की तंतू एकाच पेशीपासून होतो. ती पेशी लांबत जाते, आणि तिच्यातले केंद्रक मात्र पुनःपुन्हा विभागून त्याची संख्या वाढते. एक म्हणतो अनेकांचे मिळून एक झाले, दुसरा म्हणतो एकाचेच अनेक झाले. दोघांनीही पाहिली होती ती मेलेली, कापलेली, काचेवर पसरलेली स्नायूची चकती. मेलेल्या वस्तूकडे पाहून ती जिवंतपणी कशी चालत होती हे ठरवायचे म्हणजे छायाचित्र पाहून नाटकाचे कथानक सांगण्यासारखे आहे. तेव्हा वाद मिटला नाही ह्यात नवल नाही.

नवल हे की तो जवळजवळ सव्वाशे वर्षे मिटला नाही. मधल्या काळात मोलाची माहिती पुष्कळ गोळा झाली. मांडीवरून तिरकस उतरणारा एक लांबट स्नायू आहे. मांडी घालून बसणाऱ्या शिंप्याच्या बैठकीवरून युरोपीय वैद्यांनी त्याला शिंप्याचा स्नायू असे नाव दिले आहे. अमेरिकेतील मॅक्कॅलम ह्याने १८९८ साली मानवी गर्भांतील ह्या स्नायूचे तंतू अक्षरशः मोजले, आणि गर्भावस्थेचा मध्य उलटल्यावर तंतूंची संख्या वाढत नाही असा निष्कर्ष काढला. म्हणजे पुढे स्नायू वाढतो तो तंतू जाड व लांब झाल्याने, नवे तंतू आल्याने नव्हे. त्यानंतर पेशी काचेच्या बशीत जिवंत ठेवून वाढविण्याची विद्या निघाली. बाल्टिमोरच्या वॉरेन व मार्गारेट लुईस ह्या पतिपत्नींनी १९१७ साली कोंबडीच्या गर्भातील स्नायूंचे तुकडे असे वाढविले व कापलेल्या टोकांतून कोंब फुटावेत तसे तंतू पुढे सरकताना पाहिले. केंद्रके दुभागताना मात्र क्वचितच कोणाला सापडत. म्हणून ती नेहमीच्या विभागणीचा सोहळा न करता नुसती चिमटल्यासारखी तुटून दोन होत असावीत, असा तर्क त्या काळी बऱ्याच जणांनी केला. रेमाकचे पारडे दीर्घकाळ जड राहिले ते अशा तर्काच्या बळावर. तर्क चुकीचा होता.

तो चुकीचा आहे हे दाखविले सिनेमाने. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडावयाचा, ठराविक अंतराने एकेक चित्र घ्यावयाचे आणि मग ती चित्रपट्टी वेगाने फिरवून पहावयाची. तासांचे काम मिनिटांत डोळ्यांपुढे येते. १९६० साली केपर्स ह्याने, व १९६१ साली कूपर आणि कोनिग्सबर्ग ह्यांनी, अशा चित्रपट्ट्यांवर सुट्या, एककेंद्री पेशी फिरताना, एकमेकींना चाचपताना आणि अखेर एकीत एक विलीन होताना पाहिल्या. त्याच वर्षी स्टॉकडेल व होल्टझर ह्यांनी वेगळी युक्ती केली. विभागण्यापूर्वी पेशीला आपल्या आनुवंशिक द्रव्याची दुसरी प्रत तयार करावी लागते. त्या प्रतीसाठी लागणारा एक घटक किरणोत्सर्गी करून त्यांनी पेशींना पुरविला. ही खूण तंतूतल्या केंद्रकांनी उचललीच नाही, सुट्या पेशींनी तेवढी उचलली. आणि काही काळाने तीच खूण तंतूंच्या आत दिसू लागली. केंद्रके तंतूत जन्मली नव्हती, बाहेरून आली होती.

कोनिग्सबर्गने १९६३ साली एक सुटी पेशी बशीत ठेवून तिचीच संतती वाढविली, आणि त्या संततीने एकत्र येऊन स्नायुतंतू बांधले. ज्या बाल्टिमोर शहरात लुईस दांपत्याने काम केले होते तेथेच हे झाले. तरीही एक शंका उरत होती: बशीत घडते ते जिवंत प्राण्याच्या देहात घडतेच असे कशावरून? हिचे निरसन फिलाडेल्फियाच्या बिआट्रिस मिंट्झ आणि बेकर ह्यांनी १९६७ मध्ये केले, आणि ते इतके देखणे आहे की थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. उंदरांच्या दोन जातींत एक विशिष्ट विकर-द्रव्य निरनिराळ्या रूपांत असते, आणि त्याचा प्रत्येक कण दोन अर्धुकांची जोडी असतो. मिंट्झबाईंनी दोन जातींचे कोवळे गर्भ एकत्र करून एकच उंदीर वाढविला. त्याच्या देहात दोन्ही घराण्यांच्या पेशी शेजारीशेजारी होत्या. यकृतात पाहावे तर ते द्रव्य दोनच प्रकारचे, प्रत्येक घराण्याच्या शुद्ध जोड्या. हृदयातही तसेच. हातापायांच्या स्नायूंत मात्र तिसरा प्रकार निघाला: एक अर्धुक ह्या घराण्याचे, दुसरे त्या घराण्याचे. दोन घराण्यांची केंद्रके एकाच आवरणात राहिल्याखेरीज अशी मिश्र जोडी बनणे शक्य नव्हते. श्वान खरा ठरला, एकशे अठ्ठावीस वर्षांनी.

श्वानच्या वाक्याचा एक भाग मात्र ह्या सर्व काळात दुर्लक्षित राहिला होता. पेशी एका ओळीत लागतात, असे तो म्हणाला होता. विलीन होणे सिद्ध झाले. ओळीत लागण्याचे काय? स्नायूच्या कामाच्या दृष्टीने तर ओळच सर्वात महत्त्वाची. हजार माणसे रथाचा दोर ओढण्यास उभी केली आणि प्रत्येकाने आपल्या मनाच्या दिशेला ओढले, तर रथ जागचा हलणार नाही.

बशीत वाढणाऱ्या पेशींनी ह्या बाबतीत काही संकेत दिले होते. सपाट काचेवर स्नायुजनक पेशी चातीसारख्या लांबट होतात आणि शेजारणीला समांतर पडतात. पण हे शिस्तीचे राज्य लहानशा टापूपुरतेच असते. पलीकडचा टापू दुसऱ्याच दिशेला वळलेला. वरून पाहिले तर ओहोटीनंतर पुळणीवर उमटलेल्या वाळूच्या लहरींची आठवण व्हावी. काचेवर बारीक समांतर चरे ओढले की पेशी त्या चऱ्यांना धरून राहतात. खालचा पृष्ठभाग हळूहळू ताणत नेला तर तंतू ताणाच्या अनुरोधाने लागतात, हे व्हॅन्डनबर्ग ह्याने १९८२ मध्ये दाखविले. त्याआधी १९६६ साली हौश्का आणि कोनिग्सबर्ग ह्यांना असे आढळले होते की बशीच्या तळावर कोलॅजनचा, म्हणजे कातडे व स्नायुबंध ज्याचे बनतात त्या द्रव्याचा, लेप दिला तर सुट्या पेशींपासून स्नायू घडण्यास मोठे साह्य होते. ह्या सर्वांतून एक गोष्ट सूचित होत होती: पेशीला शेजारणीच्या अंगाला अंग लावून पडणे जमते, परंतु लांब पल्ल्याची दिशा तिला बाहेरून मिळावी लागते. कोकणातल्या वाडीत मिरीचा वेल सुपारीच्या खोडावर चढतो तसेच म्हणा ना. चढण्याची हौस वेलाची, पण वर कोठे हे ठरवायचे खोडाने.

देहात हे खोड कोणते? १९८३ साली हो, बॉल आणि गुडमन ह्यांनी टोळाच्या गर्भात काही मोठ्या पेशी पाहिल्या. ह्या पेशी इतरांच्या आधी पुढे होऊन, जेथे स्नायूची दोन टोके चिकटावयाची त्या दोन जागांमध्ये स्वतःला ताणून घेतात. मागाहून येणाऱ्या लहान पेशी त्यांच्यावर गोळा होऊन त्यांत मिसळतात. शेतात बांध घालण्याआधी दोन खुंट्यांमध्ये सुतळी ताणावी तसा हा प्रकार. त्या पेशींना स्नायूंच्या अग्रदूत असे नाव मिळाले.

मुंबईचा संबंध येतो तो येथे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची कुलाब्याची इमारत जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते १९६२ च्या जानेवारीत उघडली गेली, आणि त्याच वर्षी होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबैद सिद्दिकी ह्यांनी तेथे जीवशास्त्राचा एक लहान विभाग सुरू केला. अणू आणि गणित ह्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या वास्तूत पुढे बाटल्या-बाटल्यांतून माशा पाळल्या जाऊ लागल्या. ही माशी कोणी विलायती प्राणी नव्हे. देवळापुढच्या दुकानात केळ्यांच्या घडांवर जी इवलीशी चिलटे घोंघावतात, त्याच गोतातली ही फळमाशी. उबेत ठेवली तर दहा दिवसांत तिची एक पिढी पुरी होते, म्हणून आनुवंशिकतेच्या अभ्यासकांची ती जुनी लाडकी. सिद्दिकी व त्यांचे सहकारी तिच्या वासाचा, चवीचा, मज्जातंतूंचा अभ्यास करीत होते. त्याच विभागात तयार झालेले के. विजयराघवन आणि त्यांच्यासमवेत जॉइस फर्नांडिस ह्यांनी तिच्या उडण्याच्या स्नायूंचा प्रश्न हाती घेतला. केंब्रिजचे मायकेल बेट हे त्यांचे सहकारी. माशीच्या गर्भातही अग्रदूतांसारख्या संस्थापक पेशी असतात हे त्यांनी १९९० मध्ये तपशीलवार दाखविलेच होते.

माशीचे उडणे ही मुळातच अचंब्याची गोष्ट. तिचे पंख सेकंदाला सुमारे दोनशे वेळा हलतात, आणि ज्या मोठ्या स्नायूंच्या बळावर ते हलतात ते पंखांना जोडलेलेच नसतात. ते असतात छातीच्या डबीत. एक संच डबीच्या लांबीच्या दिशेने, दुसरा वरून खाली. लांबीचा संच आखडला की डबीची पाठ वर फुगते व पंख खाली येतात. उभा संच आखडला की पाठ दबते व पंख वर जातात. लांबीच्या संचात प्रत्येक बाजूस सहा तंतू असतात. पाच नव्हेत, सात नव्हेत. प्रत्येक धडधाकट माशीत सहाच. दिशा आणि संख्या दोन्ही इतक्या काटेकोर असल्यामुळेच हा स्नायू प्रश्न विचारण्यास सोयीचा होता.

अडचण अशी की माशीचे बालपण अळीच्या रूपात जाते, आणि अळीला उडावयाचे नसते. सरपटण्यासाठी तिला निराळे स्नायू असतात. कोशात गेल्यावर पहिल्या काही तासांत हे बहुतेक स्नायू विरघळून जातात, आणि साधारण चार दिवसांत सर्वस्वी नवे शरीर उभे राहते. जुने घर पाडून त्याच जागी नवे बांधावे तसे हे रूपांतर, असे समजले जात असे. फर्नांडिस, बेट आणि विजयराघवन ह्यांनी तासातासाने कोश उघडून आत काय चालले आहे ते टिपले, आणि १९९१ साली जे प्रसिद्ध केले त्याने ह्या समजुतीला एक मोठा अपवाद दाखविला. छातीच्या मधल्या भागात, पाठीकडे, प्रत्येक बाजूस अळीचे तीन तिरपे स्नायू मोडतोडीतून वाचतात. अळीच्या अंगात पुढच्या पंखासाठी पेशींची एक चकती आधीपासून राखून ठेवलेली असते. तिच्याबरोबर असलेल्या स्नायुजनक पेशी थव्याने बाहेर पडून ह्या तीन जुन्या स्नायूंवर येऊन बसतात. त्यांच्या अंगाला लांबीने चिकटतात, त्यांत मिसळतात. कोश झाल्यापासून दहा-पंधरा तास उलटतात तो जुने स्नायू मधोमध चिरू लागतात, आणि दिवस पुरा होईतो तिनाचे सहा झालेले असतात.

म्हणजे जो स्नायू पुढे माशीला हवेत उचलतो त्याचा साचा एके काळी सरपटणाऱ्या अळीचा स्नायू होता. जुन्या घराच्या तीन तुळया पाडणाऱ्यांनी मुद्दाम राखल्या, आणि नवे छप्पर त्यांच्यावर चढविले. ह्या तुळयांच्या मज्जातंतूंचीही कथा अशीच आहे: १९९३ साली फर्नांडिस व विजयराघवन ह्यांनी दाखविले की अळीच्या स्नायूंना आज्ञा पोहोचविणारे मज्जातंतू नाहीसे न होता आपल्या फांद्यांची मांडणी बदलतात व नव्या स्नायूंची सेवा पत्करतात.

परंतु निसर्गात असा नियम सर्वत्र एकाच मापाने लागू होत नाही, आणि हे मुंबईच्या त्याच निबंधात स्पष्ट होते. उभ्या संचाच्या बाबतीत अळीचा स्नायू राखलेला नसतो. तेथे तंतू नव्यानेच उभारले जातात. मग साचा आवश्यक आहे की नुसता सोयीचा? फर्नांडिसबाईंनीच पुढे अमेरिकेत केशिशियन ह्यांच्यासमवेत ह्याची परीक्षा घेतली. त्यांनी ते तीन जुने स्नायू नष्ट केले आणि काय होते ते पाहिले. १९९६ च्या त्या निबंधातील उत्तर असे की लांबीचे स्नायू तरीही बनतात. पण उशिरा बनतात, आणि तंतूंची संख्या ठरल्याप्रमाणे राहत नाही. स्नायू बनविण्याची कला पेशींच्या अंगी होतीच. सहा हा आकडा मात्र त्यांचा स्वतःचा नव्हता, तो साच्याचा होता. ज्यांना साचाच सर्व काही करतो असे वाटत होते आणि ज्यांना साचा नाममात्र वाटत होता, त्या दोघांनाही हे उत्तर थोडे गैरसोयीचेच गेले असेल. पण चांगला प्रयोग कोणाची सोय पाहत नसतो. विजयराघवन ह्यांचा गट १९९० नंतर बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात गेला, आणि तेथून २००४ मध्ये दत्ता व सहकाऱ्यांनी प्रौढ माशीच्या इतर स्नायूंतही हाच हिशेब दाखविला: जितक्या संस्थापक पेशी, तितके तंतू. उडण्याच्या लांबीच्या स्नायूंत संस्थापकाचे काम अळीचा जुना तंतू करतो, इतकाच फरक.

माशीचे हे गुपित माणसाच्या मांडीला कितपत लागू पडते? माणसाला कोशात जावे लागत नाही, पण इजा त्यालाही होते. १९६१ साली, म्हणजे चित्रपट्टीने विलीनीकरण सिद्ध केले त्याच वर्षी, न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर मौरो ह्याला बेडकाच्या स्नायूत तंतू आणि त्याचे बाहेरचे वेष्टण ह्यांच्या फटीत दबून बसलेल्या काही बारीक पेशी आढळल्या. तंतूच्या कडेला राहणाऱ्या म्हणून त्याने त्यांना उपग्रह पेशी म्हटले, आणि इजेनंतर स्नायू दुरुस्त करणाऱ्या ह्याच तर नसतील, अशी शंकाही बोलून दाखविली. शंका खरी ठरली. इजा झाली की त्या जाग्या होतात, वाढतात, आणि त्यांची संतती एकमेकींत मिसळून तंतू पुन्हा बांधते.

त्यांना दिशा कोण देतो, ह्याचे उत्तर २०१६ साली बाल्टिमोरहूनच आले. ह्या कथेत त्या शहराने तिसऱ्यांदा हजेरी लावली. वेब्स्टर, फान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत उंदराच्या इजा झालेल्या स्नायूत सूक्ष्मदर्शकाने प्रत्यक्ष पाहिले. तंतू मेला, आतला मालमसाला साफ झाला, तरी त्याचे बाहेरचे वेष्टण रिकाम्या नळीसारखे मागे राहते. संशोधकांनी ह्या नळ्यांना तंतूंची भुते असे नाव दिले आहे. कोकणात भुतांना तोटा नाही, पण वाट चुकविणारीच बहुतेक. ही मात्र वाट दाखविणारी. दुरुस्तीस आलेल्या पेशी नळीच्या आतच, लांबीच्या दिशेनेच, पुढेमागे फिरतात, आणि विभागतात तेही त्याच दिशेने. संशोधकांनी नळ्यांची दिशा बिघडविली तेव्हा पेशींच्या वाटा चुकल्या आणि नवे तंतू अस्ताव्यस्त उभे राहिले. मेलेल्या तंतूने मागे ठेवलेली रिकामी नळी हाच नव्या तंतूचा साचा होता. गर्भात, जेथे मागे राहिलेले जुने असे काहीच नसते, तेथे दिशेचा संकेत रासायनिक असतो. कोंबडीच्या गर्भात पाठीच्या मध्याकडून स्रवणारे एक प्रथिन पहिल्या तंतूंना देहाच्या लांबीच्या दिशेने वळविते, हे ग्रोस आणि मार्सेल ह्यांनी २००९ मध्ये दाखविले.

ह्या साऱ्या तपशिलामागे पुष्कळ कुटुंबांची चिंता आहे. ड्युशेन ह्या फ्रेंच वैद्याच्या नावाने ओळखला जाणारा स्नायुक्षय बहुधा मुलग्यांनाच होतो. तंतूचे आवरण धरून ठेवणारे डिस्ट्रॉफिन नावाचे प्रथिन त्यांच्यात तयार होत नाही. त्याचा दोषी घटक १९८६–८७ मध्ये सापडला. ज्या हालचालीने इतर मुलांचे काही बिघडत नाही तिनेच ह्या मुलांचे तंतू फाटतात. उपग्रह पेशी पुनःपुन्हा दुरुस्ती करतात, पण काही वर्षांनी दुरुस्ती मागे पडते, तंतूंच्या जागी चरबी आणि चिवट व्रणाचे धागे भरतात, आणि बहुतेक मुलांना वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास किंवा त्याआधीच चाकांची खुर्ची घ्यावी लागते. पार्ट्रिज ह्यांनी १९८९ साली असा दोष असलेल्या उंदरांच्या स्नायूंत निरोगी स्नायुजनक पेशी टोचल्या; त्या तेथल्या तंतूंत मिसळल्या आणि तंतूंत डिस्ट्रॉफिन दिसू लागले. श्वानच्या जुन्या कल्पनेचा हा सरळ उपयोग होता: तंतू जर सर्वांना आत घेतो, तर एखादा चांगला कर्ताही त्या घरात धाडता यावा. जगभर आशा उसळली. मुलांवरच्या प्रयोगांतून मात्र, १९९५ पर्यंत, हाती फारच थोडे लागले. टोचलेल्या बहुतेक पेशी लवकरच मरत. ज्या जगत त्या सुई जेथे टोचली तेथून फारशा पुढे जात नसत. देहात स्नायूंची संख्या शेकडो, आणि एकेका स्नायूत हजारो तंतू. उंदरांत जे साधले ते मुलाच्या मांडीत साधले नाही.

विलीन होण्याची यंत्रणाही ह्या काळात उलगडत गेली. माशीतल्या संबंधित जनुकांना तर त्यांच्या शोधकांनी 'स्टिक्स अँड स्टोन्स', 'डम्बफाउंडेड' अशी नाटकी नावे देऊन टाकली आहेत. सस्तन प्राण्यांत पेशींची आवरणे एक करणारे मायोमेकर हे प्रथिन मिले आणि ओल्सन ह्यांनी २०१३ मध्ये ओळखले. त्याचे जोडीदार दुसरे इवलेसे प्रथिन २०१७ साली तीन प्रयोगशाळांना एकाच सुमारास सापडले, आणि तिघांनी त्याचे तीन वेगवेगळ्या नावांनी बारसे केले. त्याच वर्षी, जन्मतः चेहऱ्याचे व अंगाचे स्नायू दुबळे असणाऱ्या एका दुर्मिळ विकाराचे कारण मायोमेकरमधील दोष हेच आहे असे दिसून आले. श्वान व रेमाक ह्यांचा वाद अशा रीतीने रोग्याच्या निदानपत्रावर येऊन पोहोचला.

बंगळूरच्या गटाकडून २०१७ मध्ये आणखी एक वार्ता आली. प्रौढ माशीला उपग्रह पेशी नसतात, तिचे स्नायू एकदा बनले की बनले, अशी तोपर्यंत सर्वांची धारणा होती. चतुर्वेदी, गुणगे, विजयराघवन आणि सहकाऱ्यांनी उडण्याच्या त्याच स्नायूंत पुन्हा शोध घेतला आणि तंतूंच्या कडेला दबून बसलेल्या त्या पेशी त्यांना सापडल्या. स्नायूला मुद्दाम इजा केली तेव्हा त्या वाढल्या, आणि त्यांची संतती जखमी तंतूत जाऊन मिसळली.